मुस्तफाला पुन्हा आवाज

‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ म्हटलं तर नव्वदच्या दशकात वाढलेला यवतमाळ-पुसदकडचा माणूस कदाचित नुसता बघत राहील. ‘मुस्तफा’ म्हणा, की चेहरा खुलतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेल्या या गेममध्ये चार नायक होते. त्यातला मुस्तफा कैरो आपल्याकडच्या पोरांना इतका आवडला की अख्ख्या गेमलाच त्याचं नाव पडलं.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या त्या उंच डब्यात गेल्या आठवड्यात स्ट्रीट फायटर असायचा आणि या आठवड्यात मुस्तफा. डबा तोच, पडदा तोच, घामानं चिकट झालेली जॉयस्टिकही तीच. मग बदलायचं काय? फक्त आतला बोर्ड.

ही सोय झाली १९८५ च्या सुमारास. जपानमधल्या गेमयंत्र उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेनं जोडणीचा एक नमुना ठरवून दिला. बोर्डाच्या एका कडेला ५६ टोकं, वरच्या बाजूला २८ आणि खालच्या बाजूला २८. वीज कुठून यायची, लाल-हिरवा-निळा रंग कुठून जायचा, नाणं पडल्याची खबर कोणत्या टोकावर द्यायची, सगळं पक्कं. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये जाऊन डिझेलचं आलं, तरी ७६२ मिलिमीटरचे रूळ तेच राहिले. जामाची जोडणी म्हणजे हे असे रूळ. जुना बोर्ड ओढून काढा, नवा खोचा, गाडी सुरू. अडचण एकच: या नमुन्यात प्रत्येक खेळाडूला तीनच बटणं आहेत आणि स्ट्रीट फायटरला लागतात सहा. म्हणून लाथांच्या बटणांसाठी वेगळी वायर ओढावी लागते.

बंद पडलेला बोर्ड दुरुस्त करणारा सुरुवात याच कडेपासून करतो. टोकांवर काळपट थर चढलेला असतो, तो साध्या खोडरबरानं निघतो. मग मल्टिमीटर लावून पाच व्होल्ट नीट पोचतायत का ते बघायचं. दाब पावणेपाचच्या खाली घसरला की बोर्ड पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि निर्दोष चिपवर उगाच संशय जातो.

चिपांमध्ये काही अशा दिसतात की त्यांच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असते. ती सोलू नये. खाली काचेसारखी गारगोटीची खिडकी असते आणि खिडकीतून चिपचा चमकता कण दिसतो. ही ईप्रॉम. गेमचा सगळा कार्यक्रम तिच्यात इलेक्ट्रॉनांच्या रूपात कोंडलेला असतो. खिडकीवर अतिनील दिवा धरला की पंधरा-वीस मिनिटांत ते इलेक्ट्रॉन निसटतात आणि पाटी कोरी होते. थेट उन्हात ठेवलं तर आठवडाभरात हेच घडतं. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन आठवा, मग त्या कागदी पट्टीची किंमत कळेल.

मुस्तफाच्या अस्सल बोर्डाचं दुखणं मात्र और आहे. नक्कल करणाऱ्यांना रोखण्यासाठी कॅपकॉमनं आवाजाचा कार्यक्रम कुलूपबंद केला आणि ते उघडण्याची किल्ली ‘काबुकी’ नावाच्या खास प्रोसेसरमध्ये ठेवली. चित्रं सांभाळणाऱ्या चिपची मांडणीही अशीच गुप्त. या दोन्ही गोष्टी जिवंत राहतात छोट्या लिथियम बॅटरीवर. काही वर्षांनी बॅटरी संपते आणि किल्ली पुसली जाते. कुठे काही जळलेलं नसतं, एक टाकाही सुटलेला नसतो, तरी गेम मेलेला. दुरुस्ती करणारे तिला ‘आत्महत्या बॅटरी’ म्हणतात ते यामुळेच.

गंमत पुढेच आहे. गेमची चोरून केलेली नक्कलही बाजारात होती. त्यातल्या एका नकली बोर्डात कॅपकॉमची आवाजाची यंत्रणा काढून स्वस्तातला पीआयसी मायक्रोकंट्रोलर बसवलेला होता. आवाज मूळच्या तोडीचा नाही, पण किल्ली नाही म्हणून मरणाची तारीखही नाही. कुलूप लावलं चोरासाठी आणि कोंडला गेला घरमालक.

मग अस्सल बोर्डाला जिवंत करायचं कसं? काबुकी मुळात झेड-८० कुळातलाच. तो उपसून जागी साधा झेड-८० बसवतात आणि शेजारी आवाजाचा कुलूप उघडलेला कार्यक्रम भरलेली ईप्रॉम. हा झेड-८० १९७६ पासून थेट २०२४ पर्यंत बनत होता, त्यामुळे त्याचा तुटवडा नाही. चित्राच्या चिपचा इलाज याहून देखणा. बॅटरी गेल्यावर ती चिप आपल्या मूळ, बिनगुप्त मांडणीवर परतते. तेव्हा चिपला हात न लावता मुख्य कार्यक्रमातले पत्ते बदलतात आणि तो तिच्याशी तिच्या मूळ मांडणीतच बोलू लागतो. हरवलेली किल्ली शोधत बसायचंच नाही, दारच कुलुपाविना चालवायचं.

तेव्हा कुणाच्या माळ्यावर असा बोर्ड धूळ खात असेल, तर तो भंगारात घालण्याआधी वीज न देता एकदा निरखा. बॅटरी फुगलेली किंवा गळलेली दिसली, तर आतलं रसायन तांब्याच्या रेषा खाण्याआधी ती काढलेली बरी. किल्ली बहुधा केव्हाच गेलेली असते. खेळ मात्र ईप्रॉममध्ये अजून शाबूत असू शकतो.