पेटीतला अंधार

"काकू, भीती वाटेल असं काहीतरी द्या. पण रात्री झोप लागली पाहिजे."

अकरावीतली ती मुलगी दारात उभी राहून हे म्हणाली, तेव्हा मला वाटलं, हिला नक्की काय हवंय ते हिचं हिलाच कळलेलं नाही. आज वाटतं, इतकं नेमकं मागणं मोठी माणसंही मागत नाहीत.

तिने 'तुंबाड' पाहिला होता. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८चा चित्रपट २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. तो पाहून आलेल्या मुलांनी घरोघरी एकच प्रश्न विचारला असणार, "याचं पुस्तक आहे का?" तिच्या घरच्यांनी कपाटातून श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' काढून दिली. दोन खंड, कोकणातल्या एका घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या, नदी, जमीन, माणसांचे अहंकार. मराठीतली मोठी कादंबरी. मुलगी सत्तर पानं वाचून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "यात हस्तर कधी येतो?"

हस्तर हा चित्रपटातला राक्षस, पेंडशांच्या कादंबरीत तो येतच नाही. चित्रपटाने पेंडशांकडून घेतलं ते फक्त गावाचं नाव. चित्रपटातल्या म्हातारीच्या भयाचं मूळ नारायण धारपांच्या 'आजी' या कथेत आहे, आणि धारपांची ती कथा स्टीफन किंगच्या कथेवरून सुचलेली. चांगलं पुस्तक चुकीच्या हातात गेलं की पुस्तकाचंही नुकसान होतं. पुढची दहा वर्षं ती मुलगी पेंडशांना हात लावणार नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आमच्या इमारतीत पुस्तकांची पेटी येते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाची. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये नाशिकहून ही योजना सुरू केली. एका पेटीत २५ पुस्तकं, आसपासच्या वाचकांचा एक गट, पेटी सांभाळणारं एक घर; आमच्या इमारतीत ते माझं. काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि तिथली आपल्याकडे येते. पुढे अशा पेट्या परदेशांतल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. पेटीत काय यावं हे आम्ही ठरवत नाही, आणि मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट तीच आहे. आलेल्या पंचवीसांतलं कोणतं कुणाच्या घरी जावं, एवढंच पेटी सांभाळणाऱ्याच्या हातात असतं. चरित्रं, प्रवासवर्णनं, ललित आपापली माणसं शोधून घेतात. विचार करावा लागतो तो रहस्य, भय आणि काळोख्या गोष्टींचा.

माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगते. आमच्याकडचे एक निवृत्त गृहस्थ. पत्नी जाऊन सहा महिने झाले होते. ते म्हणाले, "वेळ जाईल असं द्या. पकड घेणारं." पेटीत रॉबिन कुकची एक अनुवादित कादंबरी होती. पेशाने डॉक्टर असलेल्या या लेखकाने १९७७च्या 'कोमा'पासून इस्पितळातल्या थरारकथेला जगभर वाचक मिळवून दिला. पकड तर जबरदस्तच. मी ती दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. तक्रार नाही, आवाज चढलेला नाही. "हॉस्पिटल नको होतं," एवढंच म्हणाले.

त्यांच्या पत्नीचे शेवटचे एकवीस दिवस अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसून त्यांनी काढले होते. हे मला माहीत होतं. पुस्तक देताना मी फक्त 'पकड घेणारं' एवढंच ऐकलं.

तेव्हापासून मी प्रकार विचारत नाही. तीन वेगळ्या गोष्टी विचारते. गोष्टीचा शेवट मिटलेला हवा की उघडा चालेल? शेवटचं कोणतं पुस्तक अर्धवट सोडलं आणि कुठल्या पानावर? आणि सध्या कुठली जागा नकोय? ही 'जागा' म्हणजे इस्पितळ, लहान मूल, सासर, पाणी, काहीही असू शकतं. तिसऱ्या प्रश्नाला लोक आधी गोंधळतात, मग एकदम उत्तर देतात.

हे प्रश्न मला स्वतःला शोधावे लागले, कारण मराठीत या पुस्तकांबद्दल बोलायची भाषाच नीट घडली नाही. सगळ्याला मिळून एक चिठ्ठी लावलेली: रहस्यकथा. गो. ना. दातारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या आधाराने 'कालिकामूर्ति', 'बंधुद्वेष' लिहिल्या, त्यांनी रात्री जागवल्या. मग बाबूराव अर्नाळकर आले. हजाराच्या वर पुस्तकं, झुंझार आणि काळा पहाड. गुरुनाथ नाईकांचीही संख्या हजारापलीकडची, त्यांचा कॅप्टन दीप. सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद आणि अमर विश्वास. घरोघर वाचले गेलेले हे लेखक. समीक्षेने मात्र त्यांना दाराबाहेरच ठेवलं. २०२१ मध्ये नाशिकला ९४वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर अध्यक्ष होते याचा मला फार आनंद झाला होता. पण धारप किंवा रत्नाकर मतकरी त्या खुर्चीपर्यंत पोहोचले नाहीत. दुर्लक्षाचा तोटा लेखकांना झालाच, त्याहून जास्त वाचकांना झाला. काव्यातले बारकावे सांगायला शंभर माणसं आहेत. धारप आणि मतकरी यांच्या भीतीत फरक काय, हे सांगणारी माणसं फक्त वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे असत.

त्यांना ते कसं कळायचं? नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. टिळक पथावर आजही पायऱ्या चढताना जुन्या कागदाचा वास भेटतो असं मला वाटतं. वाचनालयांतल्या जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी डकवलेली असे. एकामागोमाग एक शिक्के दोन-दोन दिवसांच्या अंतराने पडलेले दिसले की समजावं, हे एका बैठकीत संपणारं आहे. शिक्क्यांत महिना-महिना अंतर असेल तर ते रेंगाळत वाचायचं. आणि पंधरा दिवसांची मुदत असताना दुसऱ्याच दिवशी परत आलेलं पुस्तक चुकीच्या माणसाकडे गेलेलं असतं. संगणकात ही नोंद असते, पण वाचकाला दिसत नाही. ती चिठ्ठी मला अजून हवीशी वाटते.

तर धारप आणि मतकरी. धारपांचा अंधार बाहेरून येतो. वाडा, तळघर, विहीर, कुठल्यातरी काळापासून दबून बसलेली शक्ती. तिला नियम असतात, ती कशाने तरी आवरते. समर्थ या त्यांच्या पात्राच्या कथांमध्ये तर वाचकाला मोठा आधार आहे: समर्थ आले की आता कुणीतरी जाणता माणूस घरात आलाय, हे कळतं. म्हणून भीती हवी पण झोपही हवी असं म्हणणाऱ्यांना मी आधी समर्थकथा देते. आमच्या अकरावीतल्या मुलीलाही तेच दिलं. 'लुचाई' किंवा 'शपथ' त्यानंतर. या दोन्ही कादंबऱ्यांमागे किंगच्या कादंबऱ्या आहेत, पण धारपांच्या हातात ती गावं आपली होतात. तिथे मात्र माणसं मरतात, आणि वाचक ज्यांच्यावर जीव लावून बसला ती मरतात.

मतकरींचा अंधार घरातच असतो. त्यांनी स्वतःच्या कथांना गूढकथा म्हटलं, आणि 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'फाशी बखळ' वाचताना तो शब्द किती योग्य आहे ते कळतं. चाळीतली खोली, नवरा-बायको, शेजारचं मूल. भूत असेल, नसेलही. शेवटच्या परिच्छेदात जमीन किंचित सरकते आणि गोष्ट संपते. सोडवायला कुणी येत नाही. ज्यांना शेवट मिटलेला हवा त्यांना मतकरी दिले तर ते चिडतात, "पुढे काय झालं?" विचारतात. ज्यांना उघडा शेवट चालतो, त्यांच्यासाठी मतकरींसारखं दुसरं काही नाही. शिवाय कथा छोट्या. एक दुपारी जेवणानंतर वाचावी, रात्री काय होतं ते पाहावं, मग पुढचं ठरवावं. दिवाळी अंकांनी हेच काम वर्षानुवर्षं केलं. 'धनंजय' आणि अनंत अंतरकरांचं 'नवल' यांनी कितीतरी वाचकांना आपल्याला काय सोसतं ते एकेका कथेत दाखवून दिलं.

रहस्य म्हणजे 'कोणी केलं' हा समज तर काढूनच टाकायला हवा. नाशिककरांना हे समजावायला दूर जावं लागत नाही. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'शारदा' नाटकाचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन, त्याच्यावर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे. कोणी, कुठे, केव्हा, सगळं इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना फाशी झाली, हेही. तरी कुणी ती संध्याकाळ सांगायला लागलं की ऐकणारा श्वास धरतो. कारण तो त्या कोवळ्या मुलाच्या मनात शिरून त्याच्याबरोबर थिएटरच्या दाराशी उभा राहतो. कुसुमाग्रजांनी 'मॅक्बेथ' मराठीत 'राजमुकुट' म्हणून आणला, त्यातही खुनी कोण हे पहिल्यापासून माहीत असतं. ज्या वाचकाला 'का' यात रस आहे त्याला कोडं दिलं, तर तो चाळीस पानांत कंटाळतो. आणि कोडं सोडवायला बसलेल्याला मनाचे पदर दिले, तर तो पानं उलटून शेवट बघतो.

याच्याही पलीकडे एक अंधार आहे, ज्यात रहस्यच नाही. त्याची गाठ घालून देताना मला सगळ्यात जास्त जपावं लागतं. बाबूराव बागूल आमच्या नाशिकचे, जन्म विहितगावचा, १९३०चा. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३चं, 'मरण स्वस्त होत आहे' १९६९चं. त्यांच्या 'सूड' या पुस्तकाचं नाव पाहून एका तरुणाने ते थरारकथा समजून नेलं. आत आहे एका बाईने आपल्या बाईपणाशी, ते ओरबाडणाऱ्या जगाशी मांडलेला झगडा. मी त्याला अडवलं नाही, फक्त सांगितलं की यात पाठलाग नाही, आणि संपल्यावर कुणाशी तरी बोलावंसं वाटेल. तो आठ दिवसांनी आला आणि दारातच अर्धा तास बोलत राहिला. जयंत पवारांच्या कथांबद्दलही हेच. 'वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा' यात गुन्हा आहे, रक्त आहे, पण वाचून झाल्यावर डोळ्यांपुढे राहतात त्या बंद गिरण्या आणि त्यांच्या सावलीत वाढलेली मुलं. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाये'तला अंधार आणखी निराळा, नियतीचा. तो मी मागितल्याशिवाय देत नाही.

आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांच्यापुढे मी थांबते. 'अंधारवारी', 'घनगर्द' हे कथासंग्रह धारप वाचून मोठ्या झालेल्यांना आपले वाटतात, पण 'दंशकाल' भुताची कादंबरी म्हणून हातात घ्यावी आणि एका कुटुंबाच्या आतल्या सडण्याची गोष्ट म्हणून संपवावी. एकत्र कुटुंबाच्या गोड आठवणी जपणाऱ्यांना ती झोंबते. प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' विशी-बाविशीच्या मुलांना द्यावी. तिच्यातली घुसमट त्यांच्या ओळखीची असते.

ऐकण्याच्या पुस्तकांनी एक नवीन अडचण आणली आहे. २०१७ मध्ये स्टोरीटेल मराठीत आलं, तेव्हापासून आमच्या इमारतीतले निम्मे लोक स्वयंपाक करताना, द्वारका सर्कलच्या गर्दीत गाडी चालवताना थरारकथा ऐकतात. पानावर नको असलेला परिच्छेद आला की डोळे आपोआप पुढे सरकतात. कानाला तशी सोय नाही. आवाज त्या खोलीत नेतो आणि प्रत्येक वाक्य संपेपर्यंत तिथेच उभं करतो. एरवी पाच खून सहज वाचणारी माझी मैत्रीण एका लहान मुलाच्या अपहरणाचा भाग ऐकताना गाडी बाजूला घेऊन रडली. म्हणून ऐकणाऱ्यांना मी 'कुठली जागा नकोय' हा प्रश्न दोनदा विचारते.

राहिले ते निवृत्त गृहस्थ. त्यांना मी पुढच्या पेटीतून सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा दिला, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला. मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी, त्यामुळे देताना संकोच वाटला. पण त्यात प्रवास आहे, जैसलमेर, काशी, गंगटोक, आपलं वेरूळसुद्धा. मृत्यू आहे, पण आजारपण नाही, निरोप नाही. प्रत्येक गोष्ट पूर्ण मिटते. पेटीत त्यातलं एकच पुस्तक होतं. उरलेले अकरा भाग त्यांनी वाचनालयातून एकेक करून आणले आणि पावसाळाभर वाचले.

गेल्या महिन्यात ते पुन्हा आले. बराच वेळ पेटीतली पुस्तकं हाताळत राहिले, एकही उचललं नाही. मग म्हणाले, "ते हॉस्पिटलचं आहे का अजून?"

ती पेटी केव्हाच दुसऱ्या गटाकडे गेली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात जाऊन माझ्या खात्यावर ते पुस्तक काढलं आणि त्यांच्याकडे नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं, आणि मला बसा म्हणायचं विसरून वाचायला लागले.