घराला जाग हवी

जांभ्याच्या भिंती, लाकडी वासे, मंगलोरी कौलं आणि रुंद व्हरांडा: पाचगणीचा जुना बंगला बहुधा या चार गोष्टींवर उभा असतो, आणि चारही गोष्टी दरवर्षी माणसाचा हात मागतात. पावसाआधी घर शाकारावं लागतं, माकडांनी सरकवलेली नि फुटलेली कौलं बदलावी लागतात, पन्हळीतला पाला काढावा लागतो, वाशांना कुठे वाळवी लागली आहे का ते बोटानं टोचून बघावं लागतं. एवढं झालं तर असा बंगला दीडशे वर्षंही टिकतो. पण कुलूप लागलं, एक कौल सरकलं आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, की त्या एका फटीतून आलेलं पाणी आधी वासा कुजवतं, मग भिंतीच्या माथ्यात शिरतं, आणि तीन-चार पावसाळ्यांत छताचा एक कोपरा खाली येतो. ऐतिहासिक हॉटेलात राहण्याविषयी आपल्याकडे बहुतेक वेळा चैनीच्या अंगानं लिहिलं जातं: पलंग कसा होता, नाश्त्याला काय होतं, खिडकीतून काय दिसत होतं. मला त्याच मुक्कामाकडे वास्तूच्या बाजूनं पाहायचं आहे. जुन्या इमारती अभिमानानं किंवा फाटकावरच्या पाटीनं टिकत नाहीत. त्यांना रोजची जाग लागते, आणि ती जाग पुरवण्याची सर्वांत भरवशाची सोय म्हणजे त्या घरात पैसे देऊन उतरणारा पाहुणा, असं माझं म्हणणं आहे.

याचा पुरावा पाचगणीत शोधण्याआधी मुंबईत पाहावा, कारण तिथे एकमेकांपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर असलेल्या दोन हॉटेलांनी तो इतका ठळक मांडून ठेवला आहे की दुसरीकडे जाण्याची गरजच पडू नये. काळा घोडा भागात वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकात उभं राहिलं. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजानं आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच इमारतीत. पुढे हॉटेल बंद पडलं, मोठ्या खोल्यांच्या लहान लहान खोल्या पाडल्या गेल्या, वास्तूचं नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं आणि तिथे कचेऱ्या नि बिऱ्हाडं आली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठलेली होती. त्या भाड्यात लोखंडी सांगाड्याची डागडुजी कोणत्याही मालकाला परवडणारी नव्हती, आणि भाडेकरूंनी ती करावी अशी अपेक्षा धरणंही गैर होतं. २००५ मध्ये दर्शनी भागाचा काही हिस्सा कोसळला. जागतिक स्मारक निधीच्या २००६ सालच्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव होतं. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली आणि ती पाडून टाकावी अशी शिफारस करणारा तज्ज्ञांचा अहवालही आला. इतिहासाचं मोल या इमारतीला कमी नव्हतं, जगानं दखल घेतली नाही असंही नाही. तिच्याकडे नव्हतं ते स्वतःच्या दुरुस्तीचा खर्च दरसाल कमावून देणारं काम.

अपोलो बंदरावरचं ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. जमशेटजी टाटांच्या या हॉटेलाचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला आणि काम पूर्णत्वाला नेलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. वैद्यांचं नाव मराठी वाचकांनाही सहसा ठाऊक नसतं, हे मला नेहमीच खुपतं. समोरचं गेटवे ऑफ इंडिया खुलं झालं १९२४ मध्ये, म्हणजे हॉटेलानंतर २१ वर्षांनी. बंदरात शिरणाऱ्या बोटींना दोन दशकं शहराची पहिली ओळख पटत होती ती हॉटेलाच्या घुमटावरून. पहिल्या महायुद्धात इथे सहाशे खाटांचं रुग्णालय झालं. १९७३ मध्ये शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी ताजचा उंच मनोरा उभा राहिला. त्यात एक जुनी वास्तू गेली हे नुकसान मोजायलाच हवं, पण मनोऱ्यातल्या खोल्यांच्या उत्पन्नानं जुन्या भागाला आधार मिळाला हेही खरं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हॉटेलात ३१ जणांचा बळी गेला, त्यांत पाहुण्यांना वाचवताना मेलेले कर्मचारीही होते, आणि जुन्या भागाचे वरचे मजले जळाले. मनोरा महिन्याभरात पुन्हा सुरू झाला आणि जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी. इतकी जळालेली वास्तू पावणेदोन वर्षांत पुन्हा उभी करायला पैसा लागतो, कारागीर लागतात, आणि त्याहून अधिक लागतो तो मालकाचा रोजचा स्वार्थ. जिना, कठडे, घुमट, दालनं जशीच्या तशी परत आली पाहिजेत हा आग्रह भावनेचा होताच. पण पाहुणा त्या जिन्यासाठीच येतो हे व्यवहाराचं ज्ञानही त्यामागे होतं.

आता पाचगणी. दांडेघर, गोडवली, आमरळ, खिंगर आणि तायघाट या गावांच्या शिवारात, सुमारे ४,२०० फुटांवर वसलेलं हे गाव इंग्रजांनी निवडलं ते पावसाच्या हिशेबानं. महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, पावसाळ्यात तिथे राहणं कठीण. तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला आलं की पाऊस जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांच्याकडे या वस्तीची जबाबदारी आली. त्यांनी सिल्व्हर ओक लावले, शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, गवंडी यांना बाजाराशेजारी जागा देऊन वसवलं. बारमाही राहण्याजोगी थंड हवा मिळताच पारशी, खोजा, बोहरी कुटुंबांनी बंगले बांधले. त्यातले किती बंगले आज धड उभे आहेत आणि ते कशामुळे, हे पाहिलं की मुंबईतलाच निष्कर्ष वेगळ्या वाटेनं समोर येतो. किमिन्स, सेंट जोसेफ, सेंट पीटर्स, बिलिमोरिया, संजीवन या शाळांच्या आवारातल्या इमारती टिकल्या, कारण तिथे दर जूनला मुलं येतात आणि गळक्या छताखाली मुलं ठेवता येत नाहीत. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी काढलेलं बेल एअर आरोग्यधाम टिकलं, कारण तिथे रुग्ण येत राहिले. महात्मा गांधी आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर १९४४ च्या जुलैत ‘दिलखुशा’ बंगल्यात राहिले, तेही प्रकृतीसाठी. मुक्काम करणं हाच या गावाचा मूळ धंदा आहे. ज्या बंगल्यांचे वारस मुंबईला किंवा परदेशी गेले आणि ज्यांना शाळाही मिळाली नाही की दवाखानाही, त्यांच्यापुढे मग दोनच वाटा उरतात. एक बिल्डरची, दुसरी हॉटेलची.

यावर पहिला आक्षेप असा की हा श्रीमंतांच्या मुक्कामाचा गौरव आहे. ताजच्या जुन्या भागातली खोली बहुतेक मराठी कुटुंबांना परवडत नाही, हे मी मान्यच करतो. पण पाचगणीत जुन्या घरांत चालणाऱ्या राहण्याच्या जागा सगळ्याच त्या दराच्या नाहीत, आणि हंगाम सोडून गेलं तर त्याच खोल्या पुष्कळ स्वस्त पडतात. शिवाय बंगला खाजगी होता तेव्हा त्याच्या फाटकाच्या आत फक्त मालकाचे स्नेही जात. हॉटेल झालं की चहाचे पैसे देणारा कोणीही त्या व्हरांड्यात बसतो. दरवाजा पूर्ण उघडला नाही हे खरं, तरी आधी तो बंदच होता. दुसरा आक्षेप, ही जबाबदारी सरकारनं घ्यावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली देशभरात सुमारे ३,७०० स्मारकं आहेत आणि तेवढीच सांभाळताना खात्याची दमछाक होते. पाचगणीतला पाच खोल्यांचा जांभ्याचा बंगला त्या यादीत कधी येईल अशी आशा धरणं म्हणजे त्याला पडू देणंच आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे: हॉटेल करताना वास्तूच मारली जाते. व्हरांडा काचेनं बंद करून दोन खोल्या वाढवायच्या, उंच छताखाली दुसरं छत ठोकायचं, जांभ्याला सिमेंटचा गिलावा फासायचा, कौलं उतरवून पत्रा चढवायचा, आणि फाटकावर ‘हेरिटेज’ लिहायचं. यातली गिलाव्याची चूक तर केवळ दिसण्यापुरती नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत कठीण होतो, आणि कायम सच्छिद्र राहतो. चुन्याच्या गिलाव्यातून त्यातली ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं आणि भिंत आतून भुसभुशीत करतं. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची हेरिटेज हॉटेलांची वर्गवारी आहे, तिच्यात १९५० पूर्वीची वास्तू हवी आणि बदल मूळ शैलीला धरून हवेत अशी अट आहे. पण वर्गवारी घेणं ऐच्छिक आहे. तेव्हा या आक्षेपाला माझं उत्तर हॉटेलवाल्याकडे नसून पाहुण्याकडे आहे. जुन्या घरात उतरून खोलीत नव्या घरासारखी प्रत्येक सोय मागणारा पाहुणाच मालकाला व्हरांडा बंद करायला लावतो. रात्री वासे करकरतील, स्नानघर जुन्या कपड्यांच्या खोलीतून काढलेलं असेल, जिना उंच असेल. याबद्दल तक्रार न करता, उलट व्हरांडा उघडा आहे का, छत मूळचं आहे का, इमारत कोणत्या वर्षीची आहे हे आरक्षण करतानाच विचारलं, तर मालकाला कळतं की पैसे कशाचे मिळतात. ताजला हे फार पूर्वी कळलं.

राहिला प्रश्न पर्यटनाच्या भाराचा. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांचं पाणी वेण्णा तलावावर अवलंबून आहे, मेच्या सुट्टीत पसरणी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, आणि हा सगळा परिसर १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. मग हॉटेलांची बाजू का घ्यावी? कारण माणसं येणारच आहेत, आणि ती कुठे झोपतात यावर डोंगराचं बरंच काही अवलंबून आहे. नव्या इमारतीसाठी उतार कापावा लागतो, झाडं जातात, नवा रस्ता येतो. जुन्या बंगल्यासाठी जागा दीडशे वर्षांपूर्वीच सपाट झालेली आहे, त्याच्या आवारातले सिल्व्हर ओक उभे आहेत, आणि बंगला कमावता असेल तर ते आवार तुकडे करून विकण्याची घाई वारसांना राहत नाही. पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा हवीच. पण जी संख्या ठरेल तिच्यातला जास्तीत जास्त हिस्सा आधीपासून उभ्या असलेल्या छपरांखाली जावा.

त्यातही कधी जावं याला महत्त्व आहे. पाचगणीच्या जुन्या हॉटेलांची कमाई एप्रिल-मे आणि दिवाळी-नाताळात होते, आणि सर्वांत जास्त झीज होते ती जून ते सप्टेंबरात, जेव्हा खोल्या रिकाम्या, खिडक्या बंद आणि नोकर गावाला गेलेले असतात. पाहुणा असला की रोज खिडक्या उघडतात, अंथरुणं ओल धरत नाहीत, स्वयंपाकघर पेटतं, आणि छतातून पहिला थेंब पडला की सकाळी कोणीतरी शिडी घेऊन वर चढतं. महाबळेश्वरच्या मानानं इथला पाऊस सोसण्याजोगा आहे, धोम धरणाच्या बाजूची दरी त्या दिवसांत ढगांनी भरते, आणि दर अर्ध्यावर आलेले असतात. जुन्या घरात एकदा राहून पाहायचं मनात असेल तर मे महिन्यातली दोन रात्रींची धावपळ सोडून जुलैत चार रात्री काढाव्यात.