दोन ‘पाच टक्के’ आणि घराची दुरुस्ती

रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंत, बौद्धिक दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबाला ‘पाच टक्क्यांतून घरदुरुस्तीचे पैसे मिळतातच’ असे सांगितले जाते आणि त्या भरवशावर पावसाळ्याआधीची डागडुजी राहून जाते. हा समज चुकीचा आहे. मात्र त्याचा दोष कुटुंबांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण दोन वेगवेगळे ‘पाच टक्के’ एका दमात सांगण्याची सवय माहिती देणाऱ्यांचीच आहे.

पहिले पाच टक्के दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 37 मधील असून ते लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान 40 टक्के प्रमाणित अक्षमता असलेल्यांसाठी घरवाटपातील आरक्षण आहे, रोख रक्कम नव्हे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात मिळणारे 1 लाख 20 हजार रुपये नव्या बांधकामासाठी आहेत, दुरुस्तीसाठी नाहीत. शिवाय पक्के छप्पर वा पक्क्या भिंती असलेले घर या योजनेतून वगळले जाते, आणि 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीने पत्र्याचे छप्परही पक्क्यातच मोजले. त्यामुळे केळीच्या बागा आडव्या करणाऱ्या वादळात ज्या घराचे पत्रे उडतात, ते कागदोपत्री पक्केच राहते.

दुसरे पाच टक्के स्थानिक संस्थांच्या स्वउत्पन्नातील, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीसारख्या स्वतःच्या वसुलीतून दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचे आहेत. शौचालयात आधाराचा दांडा बसवणे किंवा उघडी वायरिंग झाकणे अशा बदलांची लेखी मागणी इथे करता येते. पण ज्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षाला 4 लाख आहे, तिच्याकडे गावातल्या सर्व दिव्यांगांसाठी मिळून 20 हजारच उरतात, हे सांगायला कोणी धजत नाही.

पंचनाम्यानंतरची मदत हीदेखील दिव्यांगांची योजना नव्हे: किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये, हा आपत्ती निधीचा 2022 पासूनचा निकष सर्वांना सारखाच आहे.

‘आरक्षण फक्त चालता न येणाऱ्यांना’ हेही खरे नाही, कारण स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बौद्धिक अक्षमता या तिन्ही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ‘दिव्यांगासाठी बदल म्हणजे उतार’ हा समज तर फार अपुरा आहे. अचानक घराबाहेर धावणाऱ्या मुलाला उतारापेक्षा दाराच्या उंच कडीची गरज अधिक असते.

घर वडिलांच्याच नावे मंजूर होते, हा शेवटचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांग कोट्यातील घर त्या दिव्यांग व्यक्तीच्याच नावे द्यायचे असते, आणि 18 वर्षे पूर्ण झालेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचे आईवडील आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खालील जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे रावेरकरांना जळगावला, पालकत्वाचा अर्ज करावा लागतो.