मस्तिष्क-मेरुद्रवाची तपासणी व मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील कडगंची हे गाव गुरुचरित्राच्या परंपरेमुळे मराठी वाचकांस परिचित आहे. 2009 मध्ये स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठही येथेच आहे. सीमाभागातील अशा गावांतील रुग्णांना मज्जासंस्थेच्या विकारांच्या तपासणीसाठी कलबुर्गी किंवा सोलापूर गाठावे लागते. तेथे “पाठीतील पाणी तपासावे लागेल” असे डॉक्टरांनी सांगताच नातेवाईक अनेकदा घाबरतात. पाठीत सुई टोचल्याने पाय कायमचे लुळे पडतात, असा समज रूढ आहे. त्यामुळे तपासणी नाकारली जाते व निदान लांबते. हा समज निराधार का आहे, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मेरुरज्जूतील मज्जातंतूंवरील मायेलिन या आवरणावरच हल्ला करते. विजेच्या तारेवरील वेष्टन निघावे, तशी ही अवस्था होय. एका डोळ्याची दृष्टी मंदावणे, हातापायांस बधिरता येणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे होत. बहुतेक रुग्ण 20 ते 40 या वयोगटातील असून त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने विरळ आहे. मंगळूर शहरातील एका पाहणीत, जिचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले, दर लाख लोकसंख्येमागे सुमारे 8 रुग्ण आढळले.

मेंदू व मेरुरज्जू यांभोवती मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. प्रौढ व्यक्तीत तो सुमारे 150 मिलिलिटर असतो आणि दिवसाकाठी सुमारे 500 मिलिलिटर नव्याने तयार होतो. तपासणीसाठी काढलेले थोडेसे द्रव शरीर काही तासांतच भरून काढते. प्रौढांत मेरुरज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली घातली जाते. त्यामुळे मेरुरज्जूस इजा होण्याची भीती नसते. काहींचे डोके दुखते, परंतु ते बहुधा थोड्या दिवसांत थांबते. मेंदूत गाठ वा दाब असल्याचा संशय असल्यास मात्र आधी मेंदूचे चित्रण केले जाते.

या द्रवात प्रामुख्याने ऑलिगोक्लोनल पट्टे शोधले जातात. मज्जासंस्थेच्या आतच तयार झालेली प्रतिपिंडे विद्युतप्रवाहाने अलग केल्यावर पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. त्याच वेळी घेतलेल्या रक्ताशी त्यांची तुलना करणे आवश्यक असते. रक्तात नसलेले किमान दोन पट्टे द्रवात आढळले, तरच तो पुरावा ग्राह्य धरतात. 2017 च्या सुधारित मॅकडोनल्ड निकषांनुसार, लक्षणे व एमआरआय चित्र अनुरूप असल्यास, अशा पट्ट्यांच्या आधारे दुसऱ्या झटक्याची वाट न पाहता निदान करता येते. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या निकषांत कॅपा मुक्त शृंखला या प्रथिनाच्या मोजमापासही मान्यता मिळाली आहे.

तथापि केवळ पट्टे म्हणजे निदान नव्हे. क्षयजन्य मेंदूज्वरातही ते आढळू शकतात. परंतु त्या विकारात द्रवातील साखर घटते आणि पेशी व प्रथिने बरीच वाढतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये साखर प्राकृत असते व पेशी सहसा घनमिलिमीटरमागे 50 च्या वर जात नाहीत. उलटपक्षी, पट्टे न दिसल्याने हा रोग नाही असेही ठरत नाही. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा याच्याशी साम्य असणारा विकार ओळखण्यासाठी रक्तातील अ‍ॅक्वापोरिन-4 प्रतिपिंडे तपासतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे त्या विकारात अपायकारक ठरतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र वेळीच उपचार सुरू केल्यास झटके कमी होतात व अपंगत्व लांबविता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात या रोगाचा समावेश असून, निदान निश्चित झालेल्या पात्र रुग्णास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. दृष्टी अचानक मंदावणे वा पायांतील शक्ती जाणे ही लक्षणे आपोआप ओसरली, तरी त्यांची उपेक्षा न करता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि पाठीतील पाण्याची तपासणी सुचविल्यास ती भीतीपोटी टाळू नये.