पुंगळीचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून नगरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात वाळूजची औद्योगिक वसाहत येते. बजाज ऑटोचा कारखाना इथे १९८५मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग बनवणारी प्रेसशॉप उभी राहिली. त्यांच्यातल्या एखाद्या शेडमध्ये डीप ड्रॉचं काम चाललेलं असताना उभं राहून पाहावं. पत्र्याची गोल चकती डायवर ठेवतात, वरून पंच उतरतो आणि चकतीची वाटी होते. वाटी पुढच्या डायमध्ये गेली की तिचा पेला होतो, त्यापुढे नळी. ताणला जाईल तसा धातू कडक होतो. मधेच भट्टीत घालून तो मऊ केला नाही, तर पुढच्या ठोक्याला टर्रकन चिरतो.

रायफलच्या काडतुसाची पुंगळी नेमकी अशीच बनते. वाटी, तीनचार ड्रॉ, मधे मधे भट्टी आणि ॲसिडची धुलाई, मग बुडावर कारखान्याचा शिक्का, शेवटी तोंडाकडचा भाग आवळून काढलेली मान. फरक धातूचा. पुंगळीसाठी जगभर रुळलेला धातू म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं पितळ. प्रेसवर आयुष्य काढलेल्या माणसाला यावर पहिला प्रश्न पडतो तो असा की, एवढा महाग धातू कशाला? पोलादी पत्रा का नको?

प्रश्न रास्त आहे आणि तो एका मोटार कंपनीने मोठ्या प्रमाणावर सोडवूनही दाखवला आहे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची इतकी ओढाताण झाली की अमेरिकेने १९४३चं एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं पाडलं. आपल्याकडचा भोकाचा पैसा त्याच काळातला. त्याच टंचाईत इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल इथल्या क्रायस्लरच्या मोटार कारखान्याला पिस्तुलाची ०.४५ काडतुसं बनवायला सांगितलं गेलं, तीही पोलादी पुंगळीची. या कारखान्याने ३०० कोटींहून अधिक काडतुसं बाहेर काढली. जर्मनीने रायफलच्या पुंगळ्या पोलादाच्या केल्या आणि युद्ध संपल्यावर सोव्हिएत रशियाने तर तीच पद्धत कायमची धरली. अमेरिकेतल्या दुकानांत ‘स्वस्त काडतूस’ म्हणून अनेक वर्षं जे मिळायचं, ते प्रामुख्याने रशियातल्या तुला, बार्नाऊल अशा कारखान्यांच्या परंपरेतलं.

स्वस्ताईची किंमत कुठे मोजावी लागते, हे कळायला पुंगळीचं खरं काम समजून घ्यावं लागतं. दारू, टोपी आणि गोळी एकत्र धरणं हे तिचं सोपं काम. अवघड काम बार उडाल्यावरचं. आतल्या दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि जळता वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच तिने पुन्हा किंचित आक्रसायला हवं, म्हणजे रायफलची आकडी तिला ओढून बाहेर फेकू शकते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. पितळ यात वाकबगार आहे. त्याची ताठरता पोलादाच्या जेमतेम निम्मी, त्यामुळे फुगतं पटकन आणि मागेही जास्त येतं. मऊ पोलाद फुगलं की बरंचसं तसंच राहतं. शिवाय ते भिंतीला तितकं घट्ट बसत नाही, म्हणून काजळी मागे चेंबरमध्ये शिरते.

रशियनांनी यावर तोड काढली ती आकाराची. ७.६२ × ३९ मिलिमीटरचं एके रायफलचं काडतूस हातात घेतलं तर ते बुडाकडून तोंडाकडे स्पष्ट निमुळतं होत गेलेलं दिसतं. असा आकार जरासा मागे सरकला तरी भिंतीपासून सुटतो. अमेरिकी ५.५६ मिलिमीटरची पुंगळी जवळजवळ सरळ, पितळ गृहीत धरून आखलेली. तिची पोलादी नक्कल केली की ती अडकण्याची शक्यता वाढते. ‘पोलादी काडतूस वाईट’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी आधी कुठल्या रायफलमध्ये, हे विचारलं पाहिजे.

गंजू नये म्हणून पोलादी पुंगळीवर लॅकरचा, प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा किंवा तांब्याचा पातळ थर देतात. तापलेल्या चेंबरमध्ये हे लॅकर वितळून चिकटतं, अशी नेमबाजांमध्ये जुनी समजूत आहे. दोष बहुतांशी काजळीचा. पोलादी काडतुसांनी साठलेल्या काजळीवर लगेच पितळी काडतूस उडवलं की ते घट्ट फुगून बसतं, अडकतं, आणि नाव मात्र लॅकरचं होतं.

नळीची खरी झीज पुंगळीमुळे होतच नाही, ती होते गोळीमुळे. स्वस्त रशियन काडतुसात गोळीचं वरचं कवचही बहुधा पोलादाचंच असतं, त्यावर नावापुरता तांब्याचा मुलामा. अमेरिकेत काही खासगी रेंजवर दाराशीच गोळीला चुंबक लावून पाहतात. चिकटली तर आत प्रवेश नाही, कारण ती ठिणग्या पाडते आणि पोलादी निशाणं खराब करते. लकी गनर या अमेरिकी विक्रेत्याने २०१३मध्ये याचा कसून तपास केला. चार सारख्या एआर-१५ रायफली घेतल्या, प्रत्येकीतून १०,००० काडतुसं उडवायची ठरवलं. एकीत फेडरलची पितळी, उरलेल्या तिघींत वुल्फ, ब्राउन बेअर आणि तुला यांची पोलादी. पितळी काडतुसांची रायफल एकदाही अडली नाही. वुल्फ आणि ब्राउन बेअरची अडखळण्याची उदाहरणं हातापायांच्या बोटांवर मोजण्याइतकीच, पण सहा हजारांच्या आसपास त्यांच्या नळ्यांमधले आटे इतके झिजले की गोळ्या निशाणावर आडव्या लागू लागल्या. तुलाची रायफल तर शर्यत पुरी करू शकली नाही. तरीही जोडलेला हिशेब गमतीचा निघाला: वाचलेल्या पैशांत नवी नळी घेऊनही हातात काही उरत होतं. हजारोंनी काडतुसं उडवणाऱ्या हौशी माणसाला तो सौदा परवडतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांना मनाई जाहीर केली आणि हा सौदा आक्रसला, ती गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रात हे गणित उलटंपालटं होतं. खडकीची दारूगोळा निर्माणी १८६९ची. जुन्या ०.३०३ काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ हा शिक्का दिसतो, तो तिचाच. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळची वरणगाव निर्माणी १९६४ची; इन्सास रायफलची ५.५६ काडतुसं तिथे बनतात, पितळी पुंगळीचीच. पितळ ओतणारी-लाटणारी अंबरनाथची निर्माणीही याच साखळीतली. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी आणि वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या आणि अंबरनाथ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. म्हणजे पुंगळी एका सरकारी कंपनीची आणि तिचं पितळ दुसरीचं.

आणि इथे गिऱ्हाईक सरकारच आहे. पोलिसांचा किंवा एनसीसीचा गोळीबार सराव संपला की कॅडेट, शिपाई वाकून गवतातून, मातीतून रिकाम्या पुंगळ्या वेचतात. जेवढी काडतुसं दिली तेवढ्या पुंगळ्या परत मोजून घेतल्या जातात. एक जरी कमी भरली तरी शोधाशोध. यामागे शिस्त आणि सुरक्षा आहेच, पण वेचलेल्या पितळेला मोलही आहे: भंगारात त्याचा भाव लोखंडाच्या दहापटीच्या पुढे असतो आणि ५.५६च्या हजार पुंगळ्यांचं पितळ सहा किलोच्या आसपास भरतं. अमेरिकी हौशी माणूस पोलादी पुंगळ्या जमिनीवर सोडून जातो, कारण त्या पुन्हा भरायलाही सोयीच्या नसतात. जिथे प्रत्येक पुंगळी परत येतेच, तिथे पितळेच्या जादा किमतीचा काही भाग तिच्यासोबत माघारी येतो. हा मुद्दा अमेरिकी तुलनांमध्ये सहसा सापडत नाही.

पितळ निर्दोष आहे असंही नाही. ब्रिटिश फौजेने घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत, ती याच देशात. १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ड्रॉच्या वेळी पितळात राहून गेलेला ताण. म्हणून पुंगळीची मान शेवटी ज्योतीवर तापवून तो ताण काढतात. नव्या काडतुसाच्या मानेवर निळसर झाक दिसते, ती त्या ज्योतीची खूण.

गडचिरोली पोलिसांच्या सी-६० कमांडोंच्या हातात एके आहेच. अमेठीजवळ कोरवा इथे आता एके-२०३ तयार होते, तीही ७.६२ × ३९चीच. निमुळत्या पुंगळीच्या या रायफलीला पोलाद चालतं, त्यामुळे तांब्याचे भाव चढले की स्वस्त पुंगळीचा प्रश्न आपल्याकडेही कुणीतरी विचारणारच. तेव्हा पुंगळीच्या धातूपेक्षा गोळीच्या कवचाकडे अधिक बारकाईने पाहिलं, तर नळ्या वाचतील.

मराठवाड्यातल्या शस्त्र परवानाधारकाला मात्र ही निवडच नाही. लष्करी बोअर त्याला निषिद्ध, म्हणून त्याच्याकडे ०.३१५ची रायफल. वर्षाकाठी तो मोजकी काडतुसं उडवतो, नळी झिजण्याइतकी तर कधीच नाही. त्याची काडतुसं कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात, उन्हाळे आणि पावसाळे खातात. पोलादी पुंगळीवरच्या लॅकरला एक ओरखडा गेला की तिथून गंज धरतो. पितळ काळवंडतं, फार तर हिरवट होतं, पण चेंबरमध्ये बसतं. त्याच्यासाठी स्वस्त काडतूस महागच पडेल.