छप्पर नसलेले गोदाम

वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीत बसले की पाच-सात मिनिटांत माणूस मढला उतरतो. हेच अंतर रस्त्याने कापायचे म्हटले तर गोरेगाव, मालाड, मार्वे असा वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. दारातल्या दारात परगावी जाण्याची ही सोय मुंबईत फार थोड्या ठिकाणी उरली आहे. गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी अकरा वर्षांच्या नातीला घेऊन मी या होडीत बसलो. तिला मढचा किल्ला पाहायचा होता. टीव्हीवर तो तिने इतक्यांदा पाहिला होता, की त्याची तिला जुनी ओळख वाटत होती.

किल्ला पोर्तुगीजांनी बांधलेला. 1739 मध्ये, वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत, मराठ्यांनी तो घेतला. पुढे हिंदी चित्रपटवाल्यांनी तो घेतला आणि अजून सोडलेला नाही! किती खलनायकांनी तिथे तळ ठोकला आणि किती नायकांनी तट ओलांडून नायिकेला सोडवले, याची गणती नाही. प्रत्यक्षात शेजारी हवाई दलाचे ठाणे असल्याने आत सहसा जाता येत नाही. बाहेरून तट पाहायचा आणि परत फिरायचे. नातीने तो पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, एवढाच?"

पडद्यावरची जागा प्रत्यक्षात लहानच दिसते, हे तिला समजावत मी कोळीवाड्याच्या वाटेला लागलो. मढला येणाऱ्यांची यादी ठरलेली असते. किल्ला, मालिकांच्या चित्रीकरणाचे बंगले, आक्साची चौपाटी, आणि जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी एरंगळच्या सेंट बोनाव्हेंचर चर्चचा सण. त्या यादीत नसलेल्या एका जागी नात एकदम थांबली.

बांबूंचे उंच मांडव, एकामागून एक. त्यांना आडव्या दोऱ्या ताणलेल्या, एकीखाली एक. आणि प्रत्येक दोरीवर शेकडो बोंबील लटकलेले. खालून पाहिले तर उन्हात काचेच्या लोलकांसारखे चमकत होते. "आजोबा, ते एकमेकांना चावलेत!" नात ओरडली.

मुंबईत जन्म काढलेल्या माणसांनाही न दिसलेली गोष्ट तिला पहिल्या नजरेत दिसली होती. बोंबील दोरीला बांधत नाहीत. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ही जोडी दोरीवर दोन्हीकडे टांग टाकून बसवतात. दोरा नाही, आकडा नाही, गाठ नाही. बोंबलाचे दात आत वळलेले आणि बारीक. एकदा अडकले की सुटत नाहीत. ज्या दातांनी तो समुद्रात कोलंबीपासून स्वतःच्याच भाईबंदांपर्यंत सगळे गिळतो, तेच दात त्याला वाळवण्याच्या कामी येतात. या मांडवांना कोळी वलांडी म्हणतात. जोड्या लावण्याचे काम बायकांचे. त्यांचे हात ते बोलता बोलता, न पाहता करतात.

बोंबील हे प्रकरणच नवलाचे आहे. अंगात पाणी इतके, की ताजा मासा हातात धरला तर लिबलिबीत आणि अर्धपारदर्शक लागतो. जबडा मात्र राक्षसाचा. सापडतो मुख्यतः महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्याला. रत्नागिरीच्या खाली त्याचे प्रमाण घटत जाते, पुढे दक्षिणेत तो जवळजवळ दिसत नाही, आणि थेट बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला पुन्हा भरभरून सापडतो. बंगाली माणूस त्याला 'लोटे' म्हणून चवीने खातो. आपल्याकडे तो धरतात डोल जाळ्याने. हे जाळे माशाच्या मागे धावत नाही. मोठ्या तोंडाची ही लांब पिशवी समुद्रात पक्की करून ठेवायची आणि प्रवाहाने मासा आणून घालायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, अष्टमीच्या भांगाला मंद. म्हणून कोळ्याचे कॅलेंडर अजून तिथीचे आहे.

इंग्रजांनी त्याला 'बॉम्बे डक' केले. मुंबईहून निघणाऱ्या डाकगाडीत याचा वास येई, म्हणून 'बॉम्बे डाक', आणि त्याचे 'डक' झाले, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. पण आगगाडी आली 1853 मध्ये, आणि हे नाव त्याआधीच्या इंग्रजी लिखाणात सापडते. माशाला बदक का म्हटले, हे कोडे कोडेच राहिले.

नातीला हे सांगत असताना मला मात्र दुसरेच काही आठवत होते. आजवर ते मी कुणाला सांगितलेले नाही.

1988 ची गोष्ट. उपनगरातल्या एका बँकेच्या शाखेत मी तरुण अधिकारी होतो. मढची एक कोळीण कर्ज मागायला आली होती. बांबू, दोर आणि मोसमाच्या सुरुवातीला मासळी विकत घेण्यापुरती रक्कम. कर्ज मालाच्या नजरगहाणावर द्यायचे, म्हणून पाहणीला मी याच होडीने मढला आलो. छापील अर्जात रकाने होते : गोदामाचा पत्ता, बांधकाम पक्के की कच्चे, कुलपाची व्यवस्था, विमा. बाई मला वलांडीखाली घेऊन गेल्या. वर बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो माल."

मी विचारले, "मावशी, गोदाम कुठे आहे? छप्पर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. उपहास नव्हता, काळजी होती. हा शिकलेला मुलगा असे का विचारतो, अशी. म्हणाल्या, "सायेब, छप्पर घातला तं म्हावरा सुकंल कसा?"

मी हसलो. होडीत बसून परत आलो आणि अहवालात लिहिले : 'मालाच्या साठवणुकीची पक्की व्यवस्था नाही. तारण अपुरे.' वाक्य निर्दोष होते. वरिष्ठांनी त्याखाली सही केली. पुढे वर्षभराने कानावर आले, की बाईंनी एका व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती आणि सबंध मोसमाचा माल त्याने सांगितलेल्या भावाने त्याला द्यावा लागला होता. माझी बदली झाली होती. मी चौकशी केली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, एक बातमी वाचली आणि पेपर हातातच राहिला. युरोपीय संघाने सुक्या बोंबलाची आयात बंद केली होती. एकट्या ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे 13 टन बोंबील खपत असे. तो खाऊन कुणाला विषबाधा झाल्याची नोंद नव्हती. अडचण एवढीच, की भारतातून मासळी घ्यायची तर ती मान्यताप्राप्त कारखान्यात गोठवलेली किंवा डबाबंद केलेली हवी, आणि बोंबील कुठल्याच कारखान्यात तयार होत नव्हता. तो उघड्यावर, उन्हात आणि वाऱ्यात तयार होत होता. ब्रुसेल्सच्या साहेबांनी विचारलेला प्रश्न माझाच होता : छप्पर कुठे आहे? तिकडच्या बोंबीलप्रेमींनी 'बॉम्बे डक वाचवा' अशी मोहीम काढली, भारतीय वकिलातीनेही प्रयत्न केले आणि अखेर नियम वाकला. वाळवा उघड्यावर, पण बांधणी मान्यताप्राप्त ठिकाणी करा, असा तोडगा निघाला. परक्यांनी चूक दुरुस्त केली. माझा अहवाल मात्र जसाच्या तसा राहिला.

बोंबलाचा खरा कारखाना म्हणजे ऊन, वारा आणि मोकळी जागा. यातले ऊन आता बेभरवशाचे झाले आहे. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाचा पाऊस ऐन मोसमात पडला आणि किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी भिजली. मे 2021 मध्ये, घरोघर आगोटीची बेगमी करण्याच्या दिवसांत, तौक्ते आले. बोट फुटली तर तिची नोंद असते. दोरीवर किती जोड्या होत्या, हे कुठल्या कागदावर लिहिलेले असणार?

आणि जागा? वलांडी बारमाही नसते. पावसाळ्यात दोऱ्या उतरतात, गवत वाढते. तेव्हा हातात नकाशा घेऊन कुणी आला, तर त्याला समुद्रकाठची एक मोकळी जमीन दिसते. मढच्या आसपास अशाच जागांवर चित्रीकरणाचे स्टुडिओ उभे राहिले. त्यांतले काही बेकायदा ठरवून महापालिकेने एप्रिल 2023 मध्ये पाडले. आता वर्सोवा आणि मढ यांना जोडणाऱ्या पुलाचा बेत आहे. पूल झाला तर आजाऱ्याला इस्पितळ जवळ येईल, पोरांना कॉलेज जवळ येईल. कोळ्यांनी होडीनेच जावे, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण पुलावरून जमिनीचे भावही चालत येतात. कोळीवाड्यांच्या हद्दी आखताना घरांबरोबर मासळी वाळवण्याच्या जागाही धराव्यात, असे कोळी समाज सांगत आला आहे. 2023 मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. पापलेट देखणे आहे, मान शोभतो. बोंबलाला मान नको. त्याच्या वाळवणाच्या जागेचा सातबारा किंवा नकाशावर निदान तिचे नाव, एवढे झाले तरी पुरे.

परतताना नातीने एक सुका बोंबील मागून घेतला. जोड्या लावणाऱ्या बाईंनी हसून दोन दिले, पैसे घेतले नाहीत. त्या 1988 च्या बाईंची कुणी असतील का, हे विचारायचे ओठांवर आले होते. विचारले नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?

होडीत ती दोन्ही बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचा खटाटोप करत होती. वर्सोवा जवळ आले तरी तिला ते जमले नव्हते.