विश्लेषण : गुडघ्याचे दुखणे थांबले, म्हणजे खेळाडू मैदानात उतरायला तयार झाला का?

चढाईपटू बोनस घेऊन मागे वळतो. पाय मॅटवर रोवलेला असतो आणि अंग मात्र मध्यरेषेकडे फिरलेले असते. तेवढ्यात कोणीतरी घोटा पकडतो, गुडघ्यातून 'कट' असा आवाज येतो आणि खेळाडू खाली बसतो. कबड्डीच्या मोसमात हे दृश्य नवे नाही. पुढचा क्रमही बहुतेकांना पाठ आहे. चार दिवस बर्फ, मग मालीश, मग गुडघ्याला पट्टा आणि दुखणे कमी झाले की पुन्हा सराव. घोळ नेमका इथेच होतो, कारण आतला लिगामेंट पूर्ण तुटलेला असतानाही दुखणे थांबू शकते.

नेमके काय तुटते?

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा असतो, असे शाळेत शिकवतात. ते अर्धेच खरे आहे. बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. गुडघा मात्र वाकताना थोडा सरकतो आणि किंचित पिळतोही. हे सरकणे-पिळणे मर्यादेत ठेवण्याचे काम ज्या लिगामेंटकडे असते, त्याला एसीएल, म्हणजे अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट म्हणतात. तो मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवतो. सरळ चालताना त्याच्यावर फारसा ताण येत नाही. त्यामुळे एसीएल तुटलेला खेळाडू काही आठवड्यांनी आरामात चालतो, गाडीही चालवतो. पण धावताना एकदम वळला की गुडघा 'निसटतो'. प्रत्येक निसटण्यात दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटण्याचा धोका असतो. खरे नुकसान अनेकदा या दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात होते.

फिजिओथेरपिस्ट काय तपासतात?

हात लावण्याआधी ते प्रश्न विचारतात आणि निम्मे निदान तिथेच होते. आवाज आला होता का? त्यानंतर खेळता आले का? सूज किती वेळात आली? गुडघा एक-दोन तासांतच टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झाल्याची शक्यता मोठी आणि मग पहिला संशय एसीएलवर जातो. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, गुडघा मधेच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, असे असेल तर गादीकडे बोट जाते.

मग हाड मोडले आहे का, हे पाहिले जाते. त्यासाठी 'ओटावा नियम' वापरतात. वय ५५ किंवा त्याहून अधिक, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बारीक हाडाच्या टोकावर दुखणे, गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणे, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले न चालता येणे. यातले एकही लक्षण असेल तर आधी एक्स-रे. मात्र एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घरी निघून जाऊ नका. एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही.

एसीएलसाठी सर्वात भरवशाची मानली जाते ती लॅचमन चाचणी. खेळाडूला उताणे झोपवून गुडघा २० ते ३० अंश वाकवतात, एका हाताने मांडी घट्ट धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. शाबूत एसीएल ठरावीक जागी झटक्याने थांबवतो. तुटलेला असेल तर नडगी जास्त पुढे येते आणि शेवटी तो 'ठक' असा थांबा जाणवत नाही. दुसऱ्या पायाशी तुलना केल्याशिवाय या चाचणीला अर्थ नाही. अडचण अशी की ताज्या दुखापतीत वेदनेमुळे मांडीमागचा स्नायू आवळलेला असतो आणि तो नडगी मागे धरून ठेवतो. म्हणून पहिल्या दिवशी 'काही नाही' असे कळले, तरी सूज उतरल्यावर पुन्हा तपासणी करून घ्यावी. गरज वाटल्यास एमआरआय.

पाऊल थंड पडले, बधिर झाले किंवा गुडघा जागेवरून हललेला दिसला, तर मात्र हे सगळे सोडून थेट रुग्णालय गाठावे. तिथे रक्तवाहिनीला इजा असू शकते. पाय 'ओढून बसवणाऱ्या'च्या हाती तो अजिबात देऊ नये.

शस्त्रक्रिया करावीच लागते का?

प्रत्येकाला नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लगेच शस्त्रक्रिया केलेले आणि आधी व्यायाम करून गरजेपुरतीच शस्त्रक्रिया केलेले, अशा दोन गटांत दोन वर्षांनी फारसा फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. तरीही कबड्डी, फुटबॉल, कुस्ती अशा वळण्या-पिळण्याच्या खेळांत परतायचे असेल, तर बहुतेक सर्जन शस्त्रक्रियेचाच सल्ला देतात. मार्ग कोणताही निवडा, व्यायाम चुकत नाही.

पुनर्वसनात घाई कुठे नडते?

सुरुवातीचे उद्दिष्ट फार साधे दिसते. गुडघा पूर्ण सरळ करणे, सूज उतरवणे आणि मांडीचा पुढचा स्नायू 'जागा' करणे. सांध्यात सूज असली की मेंदू हा स्नायू आपोआप मंदावतो. सेन्सरकडून बिघाडाचा सिग्नल आल्यावर यंत्रणा मोटर बंद करते, तसेच काहीसे. काही दिवसांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. म्हणून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबण्याचा कंटाळवाणा व्यायाम दिवसातून अनेकदा करायला सांगतात. झोपताना मात्र गुडघ्याखाली उशी नको. बरे वाटते, पण गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते.

मग सायकल, अर्ध्या बैठका, पायरीवर चढ-उतार, वजन घेऊन व्यायाम. साधारण तीन-चार महिन्यांनी, ताकद असेल तर, सरळ रेषेत धावणे. त्यानंतर उड्या आणि वळणे, आणि शेवटी आधी पकडीशिवाय व मग पकडीसह चढाई.

शस्त्रक्रियेत बसवलेली नवी दोरी, म्हणजे ग्राफ्ट, सुमारे दीड ते तीन महिन्यांच्या काळात सर्वात कमकुवत असते. शरीर तेव्हा तिच्यात नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या घडवत असते. खेळाडूला नेमके याच सुमारास वाटू लागते, की आता काही दुखत नाही.

मग परतायचे कधी?

डेलावेअर-ओस्लो अभ्यासात १०६ खेळाडूंचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, तितका पुन्हा दुखापतीचा दर दर महिन्यामागे सुमारे ५१ टक्क्यांनी घटला. खेळात परतण्याआधीच्या चाचण्यांत नापास होऊनही मैदानात उतरलेल्यांपैकी ३८ टक्के पुन्हा जखमी झाले. उत्तीर्ण झालेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांहून कमी होते. म्हणजे नऊ महिने ही किमान अट आहे, परवाना नव्हे.

चाचण्यांत जखमी पायाची ताकद आणि एका पायावरच्या उडीचे अंतर दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावे लागते. यातही एक पळवाट आहे. महिनोन्‌महिने बसून चांगला पायही अशक्त होतो आणि ९० टक्के सहज गाठले जातात. म्हणून मोसमाच्या सुरुवातीलाच दोन्ही पायांची नोंद ठेवलेली बरी. त्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. उडीसाठी मोजपट्टी आणि खडू पुरतो, आणि हे काम तालुक्याच्या संघाचा प्रशिक्षकही करू शकतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्ट्रेचरवरून बाहेर गेली. मे २०१७ मध्ये तिने नवी दिल्लीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य जिंकले आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल व आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्ण. दरम्यान नऊ महिने गेले होते. गावाकडच्या खेळाडूला हे नऊ महिने परवडत नाहीत, कारण निवड चाचणी थांबत नाही आणि क्रीडा कोट्यातल्या नोकरीसाठी वय निघून जाते. त्यामुळे 'खेळू का?' हा प्रश्न तो फिजिओथेरपिस्टआधी संघाच्या कर्णधाराला विचारतो, आणि उत्तर बहुतेक वेळा पुढचा सामना कधी आहे त्यावर ठरते.